नागफणीची माशी आणि आमची मागची भिंत

लेकीच्या घरामागे नागफणी होती. आपल्याकडे वावराच्या धुऱ्यावर असते तशीच, फड्यांची. फरक एवढाच की इथे ती बाहेरून आलेली आणि तिथे, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, तिचं माहेर. यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच लेकीकडे टूसॉनला गेलो आणि जूनअखेर परत आलो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस झोपेचं काही जमेना. पहाटे चारला टक्क जाग यायची. मग मी चहा करून मागच्या दारात बसून राहायचो, उजाडेपर्यंत आणि उजाडल्यावरही.

एका सकाळी ऊन जरा वर आलं आणि नागफणीचं एक फूल उघडलं. पिवळंधमक, वाटीएवढं, आत शेकडो पुंकेसर. थोड्या वेळाने एक माशी आली. आपल्या सातेरी मधमाशीपेक्षा मोठी, अंगावर तपकिरी लव. ती फुलाच्या काठावर टेकलीसुद्धा नाही, डोकं खाली करून सरळ आत घुसली. आणि पुंकेसर हलले. वारा अजिबात नव्हता. ते आपणहून आत वळले आणि माशीवर मिटले. वरून बघितलं तर माशी दिसेना, नुसता पिवळा गुंता आतून हलताना दिसत होता. ती त्या पुंकेसरांमधून गोल गोल फिरत होती, विहिरीत पोरं पाणी कापत फिरतात तशी. बाहेर आली तेव्हा मागचे दोन्ही पाय पिवळे, पोट पिवळं, तोंडही पिवळं.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, नागपूरच्या महाल भागात. वडिलांचं होतं, आता माझं. चाळीस वर्षं डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं छोटं भिंग, लावून बसलोय. बारीक काही दिसलं की हात आपोआप खिशात जातो, आणि खिशात आयग्लास असतेच. टूसॉनलाही होती. पण जिवंत माशी आयग्लासखाली थोडीच थांबते? दोन दिवसांनी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या थाळीत तसलीच एक माशी बुडून मेलेली सापडली. ती पांढऱ्या कागदावर वाळवली, लेकीचा भुवयांचा चिमटा घेतला आणि बसलो.

त्या दिवशी जे पाहिलं त्याबद्दल लिहायचं म्हणून हा सगळा खटाटोप.

मधमाशीचे पाय मी आधी पाहिलेले होते. दुकानाच्या खिडकीत कधीतरी एखादी मरून पडते. तिच्या मागच्या पायाला बाहेरून एक गुळगुळीत खोलगट जागा असते, कडेला केसांचं कुंपण. पराग ती मधात कालवते आणि त्या जागेवर लाडू वळते. आपण शाळेत शिकलो ती परागाची टोपली हीच. टूसॉनच्या या माशीला टोपली नव्हती. तिच्या पायाला लांब केस होते, विरळ, आणि प्रत्येक केसाला बाजूने फाटे, पिसासारखे. त्या फाट्यांमध्ये परागाचे कण कोरडेच अडकलेले होते. सुटे सुटे, भाजलेल्या रव्यासारखे. दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या आयग्लासमधून एकेक कण वेगळा दिसला, यावरून तो कण केवढा ते समजा. निवडुंगाचा परागकण असतोच मोठा, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

केस विरळ का, हे मला तिथेच बसल्या बसल्या उमगलं, कारण माझ्या टेबलावर चार प्रकारचे ब्रश असतात. घड्याळाच्या बाहेरच्या कव्हरमधला मातकट मळ काढायचा ब्रश विरळ दातांचा, डायलवरची धूळ काढायचा दाट आणि मऊ. दाट ब्रशात मोठा कण शिरतच नाही, वरच्या वर लोळून पडतो. या माशीचे केस दाट असते तर निवडुंगाचा पराग तिच्या पायावर टिकला नसता. आणि बारीक परागाच्या फुलांवर जाणाऱ्या माश्यांचे केस दाट, खूप फाट्यांचे असतात, हेही पुढे वाचायला मिळालं.

या माशीचं नाव डायडेशिया रिंकोनिस. मराठी नाव असण्याचा प्रश्न नाही, ती आपल्याकडे नाहीच. तिचं सगळं कूळ अमेरिका खंडातलं. तिथे तिला निवडुंगाची माशी म्हणतात. तहान भागवायला मकरंद ती दुसऱ्या फुलातूनही पिते, पण पिलांसाठी पराग नेते तो निवडुंगाचाच. आपल्याकडे नागफणी आली, धुऱ्याधुऱ्यावर पसरली, तिच्या फुलांवर इथल्या माश्या जातातही. पण जिच्यासाठी ते पुंकेसर मिटतात ती माशी सोबत आली नाही. हे मनातून जात नाही माझ्या. दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या बाईसारखं वाटतं ते.

लेकीने एका रविवारी आम्हाला अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये नेलं. १९५२ सालापासूनची जागा आहे ती. नावात म्युझियम, पण बरंचसं उघड्यावर, वाळवंटातच पायवाटा काढलेल्या. तिथे काम करणाऱ्या एक आजीबाई भेटल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. माझ्या हातातली आयग्लास पाहून त्यांनी आपणहून विचारपूस केली. मी तोडकंमोडकं सांगितलं, बाकीचं लेकीने सांगितलं. मग बाईंनी आम्हाला वाटेच्या कडेला उकिडवं बसवलं आणि कडक मुरमाड जमिनीतली भोकं दाखवली. पेन्सिल जाईल एवढी, वीसेक असतील. काहींच्या तोंडाशी मातीची छोटीशी नळी बांधलेली, चुलीच्या धुराड्यासारखी. प्रत्येक भोक एका माशीचं.

एका माशीचं, यावर आमची हिचा विश्वास बसेना. आपल्या डोक्यात माशी म्हटलं की मोहोळ, मोहोळ म्हटलं की राणी आणि कामकरी. पण जगात मधमाश्यांच्या जवळजवळ वीस हजार जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. राणी नाही, नोकर नाही, मधाचा साठा नाही. माशी एकटी जमीन उकरते, आत कोठड्या करते. किती तरी जाती त्या कोठडीला आतून मेणासारखा लेप देतात, ओल शिरू नये म्हणून. एकेका कोठडीत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, तोंड बंद करायचं आणि पुढच्या कोठडीला लागायचं. पिलू बाहेर येईल तेव्हा आई नसते. त्याला जे काही द्यायचं ते त्या एका गोळ्यात आलं.

मग तो गोळा भरायला लागणारा पराग आणायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी का असू नये?

तिकडच्या वाळवंटात या तऱ्हा जितक्या आहेत तितक्या क्वचित कुठे असतील. आपल्याला वाटतं की माश्या जास्त म्हणजे जंगल दाट, पाऊस भरपूर. तसं नाही. मधमाश्यांच्या जाती सर्वांत जास्त सापडतात त्या कोरड्या, उन्हाच्या, उघड्या जमिनीच्या मुलखात. कोरड्या जमिनीत पिलांच्या खाण्याला बुरशी लागत नाही, आणि पाऊस पडला की सगळी फुलं एकदम फुलतात. रॉबर्ट मिंकली यांनी अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर सॅन बर्नार्डिनो खोऱ्यात कित्येक वर्षं माश्या गोळा केल्या आणि २०२१ मध्ये मोजदाद छापली. १६ चौरस किलोमीटरमध्ये ४९७ जाती. नागपूरच्या गोरेवाड्याचा सगळा परिसर त्याहून थोडा मोठा आहे. आणि अख्ख्या भारतात आजवर नोंदलेल्या जाती सातशेच्या वर काही. आपल्याकडच्या जाती नीट मोजायला अजून कोणी बसलंच नाही असं मला वाटतं. आपल्याकडचा पाया म्हणून ज्याचं नाव घेतात तो बिंगहॅमचा भारतातल्या माश्यांवरचा ग्रंथ १८९७ सालचा आहे.

टूसॉनमध्ये क्रिओसोट नावाचं एक झुडूप सगळीकडे आहे. बारीक चिकट पानं, पिवळी फुलं. पाऊस पडला की त्याचा वास सुटतो आणि तिथल्या लोकांना तोच पावसाचा वास. आपल्याला मातीचा तसा त्यांना क्रिओसोटचा. त्या एका झुडपावर शंभराच्या वर जातींच्या माश्या येतात, आणि त्यातल्या वीस-बावीस तर पिलांसाठी फक्त त्याचाच पराग नेतात. तिथलीच पर्डिटा मिनिमा नावाची माशी जेमतेम दोन मिलिमीटरची. लेडीज घड्याळातला स्क्रू मी रोज चिमट्याने उचलतो, तो त्याहून थोडाच लहान. एवढ्याशा देहात पंख, डोळे, पोट, पराग झाडायचे केस आणि घराचा रस्ता लक्षात ठेवायची बुद्धी. कितीही उत्तम घड्याळ उघडलं तरी मला आता त्यात तेवढं काही दिसत नाही.

सर्वांत जास्त मी अडकलो ते आकड्यांवर. म्हणजे वाकड्या टोकाच्या केसांवर. त्या वाळवंटात क्रिप्टँथा नावाची रोपटी उगवतात, पांढरी, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी फुलं. फुलाची नळी अरुंद आणि पुंकेसर आत लपलेले. पाय घालायला जागा नाही. म्हणून हॉप्लायटिस गटातल्या काही माश्यांच्या तोंडाच्या अवयवांवरच केस आहेत आणि त्या केसांची टोकं वाकलेली आहेत. माशी तोंड नळीत खुपसते, मागे ओढते, आणि आकड्यांबरोबर पराग बाहेर येतो. आम्ही गेलो तेव्हा त्या फुलांचा हंगाम सरत आला होता. मला ती माशी दिसली नाही, आजीबाईंनी सूक्ष्मदर्शकातला मोठा केलेला फोटो दाखवला. तो पाहून मी काही वेळ बोललोच नाही. आमच्या धंद्यात बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाच्या, खाली कधी धागा किंवा केस अडकतो. चिमटा तिथवर जात नाही. त्यासाठी मी कितीतरी वर्षांपूर्वी एक सुई तापवून तिचं टोक वाकवलं होतं. ती सुई अजून माझ्या खणात आहे. फोटोत तीच होती, एका रांगेत कितीतरी.

वडील म्हणायचे, आधी हत्यार, मग हात. हे मला त्या बाईंना सांगायचं होतं, पण लेकीला त्याचं इंग्रजी नीट करता येईना आणि मग राहून गेलं.

संध्याकाळी उमलणाऱ्या ईव्हनिंग प्रिमरोजची गोष्ट आणखी वेगळी. तिचा पराग सुटा नसतो, बारीक चिकट धाग्यांनी एकमेकांत गुंफलेला असतो. ओढला की माळ निघते. तो गोळा करणाऱ्या माश्यांच्या पायाचे केस साधे, बिनफाट्यांचे आणि विरळ, म्हणजे माळ नुसती वरून गुंडाळता येते. फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून या माश्याही तिन्हीसांजेला आणि पहाटे निघतात, एक जात तर चांदणं असलं की रात्रीही. त्यांच्या डोक्यावरचे तीन छोटे साधे डोळे नेहमीपेक्षा मोठे असतात. रात्री उडणारी माशी म्हणून मी हे कौतुकाने वाचत होतो, आणि मग कळलं की आपल्याच महाराष्ट्रात, भीमाशंकरला, अमावस्येच्या अंधारातही उडणारा भुंगा आहे, तोही मधमाश्यांच्याच जातकुळीतला. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तिथे अभ्यासला आणि २००८ मध्ये त्यावर लिहिलं. टूसॉनला जाऊन मला भीमाशंकरची माशी कळली.

२०१९ साली झॅक पोर्टमन आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी माश्या पराग कसा काढतात याची नव्याने विभागणी केली. पायांनी किंवा तोंडाने खरवडून, अंग थरथरवून, अंग घासून, चेहरा घासून, पोट आपटून, आणि किसल्यासारखं करून अशा सहा तऱ्हा. शिवाय मकरंद पिताना आपसूक अंगाला लागतो तो पराग वेगळा. यादी वाचायला सोपी आहे. मला मात्र त्यातली पोट आपटण्याची तऱ्हा टूसॉनमध्ये एका सूर्यफुलासारख्या फुलावर दिसली. माशी शेपटीकडचा भाग भराभर खालीवर आपटत होती, शिवणयंत्राच्या सुईसारखा. तिच्या पोटाखालीच केसांचा ब्रश होता, पाय रिकामे.

आता पावसाचं सांगतो. टूसॉनला वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नागपूरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि तोही लहरी. उन्हाळी पावसाला तेही मान्सूनच म्हणतात. पाऊस नाही तर फुलं नाहीत, फुलं नाहीत तर पराग नाही. मग जमिनीतल्या पिलांनी काय करायचं? ब्रायन डॅनफोर्थ यांनी पर्डिटा पोर्टॅलिस नावाच्या वाळवंटी माशीवर काम केलं, १९९९ मध्ये ते छापून आलं. तिची पूर्ण वाढलेली अळी जमिनीत निजून राहते आणि ओल लागली की जागी होते. पण एकाच ओलीला सगळ्या जाग्या होत नाहीत. काही उठतात, काही तशाच पडून राहतात, पुढच्या वर्षासाठी. पहिला पाऊस फसवा निघाला आणि उठलेल्या सगळ्या मेल्या तरी वंश बुडत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझा साळा आठवला. काटोलकडे त्याची शेती आहे. काही वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडला तशी त्याने घरातलं सगळं बियाणं पेरून टाकलं. नंतर अठरा दिवस आभाळ कोरडं. कोंब जळाले, दुबार पेरणीला उसनवारी करावी लागली. त्या दिवसांत तो आमच्याकडे आला होता, जेवणाच्या ताटावर बसून नुसता भाताकडे बघत होता. त्याचे वडील म्हणायचे की पहिल्या पावसाला अर्धी पोती बांधूनच ठेव. ती माशी अर्धी पोती बांधून ठेवते. कोणी शिकवलं नाही तिला. मी साळ्याला फोनवर हे सांगितलं तर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "त्या माशीवर कर्ज नसन भाऊजी." तेही खरंच.

जूनअखेर नागपूरला आलो. आणि इथे मला माझी भिंत भेटली.

महालातलं आमचं घर जुनं आहे. पुढचा भाग विटांचा, पण मागची भिंत आजोबांच्या काळातली, मातीची, हातभर जाड. दर पावसाळ्यात तिचे पोपडे पडायचे. म्हणून टूसॉनला जायच्या आधी, मार्चमध्ये, मी ती सिमेंटने लिंपायला काढली होती. मिस्त्रीने चार दिवसांत अर्धी भिंत केली, मग त्याच्या घरी लग्न निघालं, आम्हीही निघालो, काम अर्धवट राहिलं. भिंतीत भोकं होती हे मला माहीत होतं. लहानपणापासून पाहिलेली. उंदराची नाहीत, गोम-विंचवाची असतील असं समजून मी उलट मिस्त्रीला सांगितलं होतं, आधी भोकं बुजव, मग वर हात मार.

ऑगस्टच्या एका सकाळी न लिंपलेल्या अर्ध्या भागापाशी गुणगुण ऐकू आली. तपकिरी लव, काळ्या पोटावर निळे चकचकीत पट्टे, नवीन पोलादी स्प्रिंग तापवली की तिला येतो तसला निळा. अमेजिला. निळ्या पट्ट्यांची माशी. ती भिंतीसमोर एका जागी तरंगली, डावीकडे-उजवीकडे झाली आणि एका भोकात शिरली. पाय पिवळे होते.

मी तिथेच पायरीवर बसलो. सिमेंटच्या अर्ध्या भागात अशी किती भोकं होती, त्यात मार्चमध्ये किती पिलं निजलेली होती आणि जुलैत त्यांनी आतून किती धडका दिल्या असतील, हे कशानेच मोजता येणार नाही. डायडेशियाच्या भोकांसमोर उकिडवा बसून मी इतकं कौतुक केलं होतं, आणि स्वतःच्या घरात मी पैसे देऊन ती बुजवून घेतली होती. ही गोष्ट मी हिला त्या दिवशी सांगितली नाही. दोन दिवसांनी सांगितली.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर मी मागे बसतो. उरलेल्या भागात चौदा भोकं आहेत, वापरातली नऊ. हातात घड्याळ आहेच, म्हणून वेळा लिहून ठेवतो. पहिली फेरी सहाच्या पुढे, ढग असले तर उशिरा. एक फेरी बारा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. दुपारी कडक ऊन पडलं की हालचाल कमी. सांजेला काही माश्या भिंतीत न शिरता कुंपणाच्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून लटकतात आणि तशाच झोपतात. ते बहुतेक नर. टॉर्च मारला तरी सोडत नाहीत.

गच्चीवर आमची वांग्याची सहा झाडं आहेत. वांग्याच्या फुलात पराग वर नसतो. पिवळे पुंकेसर म्हणजे बंद डब्या, टोकाला बारीक भोक. टमाट्याचंही तसंच. सातेरी तिथे येते, चाचपडते, पण तो पराग झाडून काढायचं तंत्र तिच्याकडे नाही. निळ्या पट्ट्यांची माशी येते, पुंकेसरांना मिठी मारते, पंख तसेच ठेवून छातीचे स्नायू थरथरवते आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग भसकन खाली. उडतानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, चढ्या पट्टीतला. डोळे मिटूनही कळतं की ती आता फुलावर बसली.

तो आवाज मी आधी ऐकला होता. कुठे ते आठवायला मला चार दिवस लागले. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास सिव्हिल लाइन्समधल्या एका गिऱ्हाईकाने बुलोवाचं अ‍ॅक्युट्रॉन दुकानात आणलं होतं. १९६० साली निघालेलं ते घड्याळ. त्यात बॅलन्स नाही, एक छोटा ट्यूनिंग फोर्क आहे, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा. कानाशी धरलं की टिकटिक नाही, अखंड गुणगुण. वडिलांनी ते मला कानाला लावायला दिलं होतं. ऑस्ट्रेलियात याच अमेजिलाच्या एका भावंड जातीवर काम झालं आहे. टमाट्याच्या पुंकेसरांवर ती डोकं आपटते, सेकंदाला साधारण ३५० वेळा. साध्या चावीच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला पाच. माझा सगळा जन्म त्या पाच ठोक्यांत गेला, आणि भिंतीत राहणारी माशी ३५० वर चालते.

सप्टेंबरमध्ये मागच्या रिकाम्या प्लॉटवर तरोटा फुलला. त्याच्या पाल्याची भाजी आपण पावसाळ्याच्या सुरुवातीला खातो, पुढे त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्याही पुंकेसरांना टोकाला भोक. भिंतीतल्या माश्या सकाळभर तिथे, आणि त्यांच्यासोबत काळे मोठे भुंगे. एवढा तरोटा एकदम बघून आधी मला वाटायचं की महापालिकेने हे गवत काढलं पाहिजे. आता कोणी काढायला आलं तर मी पाया पडेन त्याच्या. साळ्याकडे आता तूर फुलेल. तुरीच्या फुलावर पानं कापणाऱ्या माश्या येतात, ज्या पोटाखाली पराग नेतात. फुलाची मिटलेली पाकळी दाबून उघडायची ताकद त्यांच्यात आहे. या वर्षी आयग्लास घेऊन जाणार आहे, साळ्याला सांगून ठेवलंय.

दसऱ्यानंतर मिस्त्री आला. दिवाळीच्या आत राहिलेली भिंत करून देतो म्हणाला.

"राहू दे जी, ही अर्धी अशीच ठेवायची," मी म्हटलं.

"काहून काका? दोन दिवसांचं तर काम हाय."

मी त्याला भोकं दाखवली. सांगत बसलो नाही, पायरीवर बसवलं आणि चहा दिला. पाचेक मिनिटांनी एक माशी आली. त्याने मान पुढे काढून पाहिली.

"हे तर आमच्या गावाकडं गोठ्याच्या भितीत राहते," तो म्हणाला. "निळे पट्टे असते त्याइले. माय सारवताना तेवढी जागा सोडून देये."

त्याची आई ती जागा का सोडायची, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. आता ती नाही.

सिमेंट काढून टाकता येईल का, असं मी विचारलं. छिन्नी लावली तर माती सोबत येईल, असलेल्या भोकांनाही धक्का बसेल, असं तो म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. मग भिंतीवर वरून पावसाचं पाणी उतरू नये म्हणून एक पत्रा टाकायचं ठरलं, भिंतीला हात न लावता, दोन बांबूंवर. संध्याकाळीच तो पत्रा घेऊन आला. शिडी भिंतीला टेकवून वर चढला, मी खाली शिडी धरून उभा. तेवढ्यात एक माशी परतली. पाय भरलेले. भिंतीसमोर तरंगली, उजवीकडे गेली, डावीकडे गेली, पुन्हा मागे जाऊन आली. तिच्या भोकाच्या बाजूला रोज शिडी नसते. तिने जी खूण धरून घर लक्षात ठेवलं होतं तिच्यावर आम्ही उभे होतो.

"उतर थोडा," मी मिस्त्रीला म्हटलं. तो उतरला. आम्ही दोघांनी शिडी उचलून चार हात लांब, तुळशीपाशी नेऊन ठेवली आणि थांबलो. माशीने आणखी दोन घिरट्या घातल्या आणि वरून तिसऱ्या भोकात शिरली. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. ती पुन्हा बाहेर येऊन गेल्यावर आम्ही पत्र्याचं काम हाती घेतलं.